नातीच्या न्हाणाचा वाडगा

तालासीने वहीत लिहिलं: १४ ऑक्टोबर १९६८. सकाळपासून वारा पडलेला. शेवटचा वाडगा आज भाजायचा. व्हर्ना येणार, म्हणजे तिला गप्प ठेवायचं कामही आलंच.

उद्या उजाडताना तान्ह्या नातीचं न्हाण होतं. न्हाऊ घालून नाव ठेवायचा मान बापाच्या आईचा, म्हणजे तालासीचा. आणि तिच्या घरात हे न्हाण आजीने स्वतः घडवलेल्या नव्या वाडग्यातच होत आलेलं. संधिवाताच्या बोटांनी तिने तीन वाडगे वळले. दोन वाळतानाच तडकले. मुलगा लेलंड म्हणाला, "आई, घमेलं आहे की घरात." तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वाडग्याभोवती खापरं रचून तिने मेंढ्यांच्या लेंड्यांच्या गोवऱ्या लावल्या आणि पेटवल्या. आता मोठ्याने बोलायचं नाही. भांड्यात जीव असतो. तो हाकेला ओ द्यायला जातो आणि भांडं फुटतं. धाकटी बहीण व्हर्ना डोक्याच्या रुमालाचं टोक दातात धरून बसली होती.

"ताई, जीभ सुजली माझी," ती कुजबुजली.

"बरंच झालं," तालासीही कुजबुजली.

गोवऱ्या लालभडक झाल्या, तोच शेजाऱ्यांचं कुत्रं धावत आलं ते थेट विस्तवाकडे.

"हाड्! हाड् मेल्या!"

अख्ख्या वस्तीला ऐकू गेलं. ओरडली होती तालासी. पाठोपाठ निखाऱ्यांतून बारीक 'टिक्' असा आवाज आला.

व्हर्नाने रुमाल सोडला. "जन्मभर मला दटावलंस, आणि..." पण बहिणीचा चेहरा पाहून तिने रुमाल पुन्हा तोंडात कोंबला.

निवल्यावर वाडगा निघाला. मधाच्या रंगाचा, पोटावर रंगवलेल्या पावसाच्या काळ्या रेघा. आणि काठावर बोटाच्या पेराएवढी चीर. ती दिसते तिथेच थांबली की आत खाली उतरली, कोण सांगणार? तालासीने वाडग्यावरून हात फिरवला.

"तुला नव्हते रे हाक मारत. कुत्र्याला हाकलत होते."

व्हर्नाने झऱ्याचं पाणी आणलं. चिरेच्या टोकाच्या जरा खालपर्यंत ओतून वाडगा फडक्याच्या घडीवर ठेवला आणि दोघी पिकी, म्हणजे निळ्या मक्याची कागदासारखी पातळ भाकरी, मोडून खात बसल्या.

"गळला तर?"

"तर लेलंडचं घमेलं," तालासी म्हणाली, आणि तिने वाकून फडकं चाचपलं.

दिवा लावल्यावर तिने वही उघडली. सकाळच्या ओळींखाली लिहिलं: न्हाणासाठी फेसाची मुळं कुटून ठेवली. मीठ संपत आलं. वाडग्याखालचं फडकं कोरडं आहे.