बंद पर्यायांचा रंग

नवरा गेल्यावर मी नागपूरची भाड्याची खोली सोडून आसगावला सासरी राहायला आले. राईस मिलसाठी वजन-पावतीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत माझी नोकरी आहे. रजा संपली तसं घरूनच काम सुरू केलं. फार दुःख होतंय असंही नव्हतं. सासूबाई ताट वाढत, मी जेवत असे.

पहिली तक्रार लाखांदूरच्या एका मिलमधून आली. तिथले दिवाणजी फोनवर म्हणाले, "मॅडम, मेनूत जे बंद हाय तेच जास्त चमकून राहिलं. मी दाबतो, काही होतच नाही." कॉम्प्युटर अडकला असं त्यांना वाटे. ते तो बंद करून पुन्हा चालू करत, तोवर बाहेर धानाच्या ट्रॅक्टरांची रांग लागे.

चूक आमचीच होती. बंद पर्यायाची, म्हणजे त्या वेळी वापरता न येणाऱ्या ओळीची, अक्षरं आमचा प्रोग्राम दोनदा उमटवायचा. आधी पांढरी, किंचित खाली सरकवून, आणि त्यांच्यावर करडी. जुन्या राखाडी मेनूवर ती कोरल्यासारखी दिसत. आम्ही मेनू काळा केला आणि मागची पांढरीच उठून दिसू लागली. मी पांढरी काढून टाकली. मंद, तरी वाचता येईल असा एकच करडा रंग ठेवला.

मिलमध्ये नेट धड चालत नव्हतं, त्यामुळे नवी आवृत्ती घरून पाठवता येईना. सासूबाई म्हणाल्या, "जाय वो, तूच लावून ये. घरी बसून काय करशील?" मी एसटीने गेले.

नवी आवृत्ती टाकली. दिवाणजींनी चष्मा वर सरकवून मेनूतली एकेक ओळ पाहिली. आता समजते, म्हणाले. मग सहज विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात?

घरी, कंपनीत सगळ्यांना ठाऊकच होतं. मला स्वतःहून कोणाला सांगावं लागलंच नव्हतं.

"ते वारले," मी म्हटलं. "उन्हाळ्यात."

 दिवाणजींनी उठून पंखा माझ्याकडे वळवला आणि चहा सांगितला. मला रडू आलं नाही. चहा पिऊन मी दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच बसवलं आणि दुपारच्या गाडीने परतले.

सासूबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. काम झालं का, त्यांनी विचारलं. झालं म्हटलं, आणि दिवाणजींना काय सांगितलं तेही सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुले बोलता आलं?" त्यांनी विचारलं. "मले तर अजून येत नाही."

मी त्यांच्याजवळ बसले. मग आम्ही त्याच्याबद्दल थोडंसं बोललो.