टेनिस मामींचा डावखुरा

भिंतीवरून आधी चेंडू आला, मग एक प्रश्न आला आणि सगळ्यात शेवटी मामींचं डोकं वर आलं.

तांबरमच्या अलीकडे एका जुन्या कॉलनीच्या भिंतीलगत आमच्या कंपनीची बस थांबायची. सांगलीहून येऊन मला जेमतेम महिना झाला होता. ओरगडमच्या कारखान्यात दिवसभर गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासायच्या आणि संध्याकाळी खोलीवर येऊन दहीभात गिळायचा, एवढंच तेव्हाचं माझं आयुष्य. त्या सकाळी टेनिसचा एक मळका चेंडू पायाशी येऊन पडला. मी तो उचलून परत फेकला. लगेच पलीकडून खणखणीत आवाज आला, "इडदु कैया?" मला तमिळ म्हणजे 'वेंडाम' आणि 'पोदुम' एवढंच येत होतं, नको आणि पुरे, यावर माझा महिना निघाला होता. "आता ही बाई काय विचारतेय कोण जाणे," असं मी स्वतःशीच पुटपुटलो. तोच भिंतीवर एक पांढरा अंबाडा, ठसठशीत कुंकू आणि दोन्ही बाजूंना चमक्या घातलेलं नाक उगवलं.

"अरे, मराठी काय रे तू? डाव्या हाताचा काय, म्हणून विचारले मी. चेंडू तसा वळला. आत ये."

"बस येईल आता," मी म्हणालो.

"बस रोज येते. डावखुरा रोज येत नाही."

रविवारी गेलो. बाई कोर्ट सपाट करायच्या दगडी रोलरवर चढून भिंतीपलीकडे बघत होत्या, हे तेव्हा कळलं. एरवी त्यांची उंची माझ्या खांद्याइतकीसुद्धा नव्हती. जरीकाठाची सुती साडी घोट्यांच्या वर खोचलेली, पायात खडू लावून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि काखेत रॅकेट. त्यांचं नाव कावेरीबाई. घराणं तंजावरचं, पूर्वज कधीकाळी राजांबरोबर दक्षिणेत उतरले ते इथलेच झाले. कॉलनीत मात्र थोरापोरांपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'टेनिस मामी' म्हणत. त्यांचं मराठी ऐकताना वाटे, जुन्या बखरीतलं एखादं पान सांबाराचा डबा घेऊन समोर उभं आहे. 'मला'ला 'मज' म्हणायच्या, 'का'ला 'काय म्हणून', आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल असा उचलायच्या की साधी सूचनासुद्धा गाण्याची ओळ वाटे.

कॉलनीच्या क्लबात मातीचं एक टेनिस कोर्ट होतं आणि बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टेनिसचं एक टेबल. मामी दोन्ही शिकवायच्या, आणि दोन्ही नवशिक्यांनाच. थोडं येऊ लागलं की, "जा, आता मोठ्या कोचकडे जा," म्हणून हाकलून द्यायच्या. "मी फक्त बेसिक शिकविते. बेसिक म्हणजे भात रे. सांबार रोज बदलेल, भात तोच." मला त्यांनी फी सांगितली नाही, अट सांगितली. शनिवार-रविवार सकाळी टेनिस, आणि रोज संध्याकाळी बसमधून उतरलो की थेट टेबलावर. दोन्ही एकदम. खेळातलं ज्याला ओ की ठो कळत नाही तोही सांगेल की असं करू नये. पण मला त्यातला ओ-ठोसुद्धा कळत नव्हता.

शेडमध्ये वेताच्या खुर्चीत एक गृहस्थ बसलेले असत. ताठ मान, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काठी आणि तोंड भिंतीकडे. हे कोनेरीराव, मामींचे यजमान, कॉलनीचे 'रावसार'. रेल्वेतून निवृत्त झालेले. मामींना लग्नानंतर रॅकेट धरायला त्यांनीच शिकवलं. दोघं वर्षानुवर्षं मिश्र दुहेरीत जोडीनं खेळली. शिवाय रावसार नावाजलेले अंपायर होते. एकदा अंतिम सामन्यात खुर्चीवर ते आणि कोर्टावर मामी असा योग आला, तेव्हा सर्व्हिस करताना रेषेवर पाय पडला म्हणून त्यांनी स्वतःच्या बायकोचा पॉइंट कापला होता. "त्या दिवशी घरी भात करपला," मामी सांगायच्या. "आपोआप नव्हे रे. मी करपविला."

आदल्या वर्षी रावसारांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचा परतली, काठीनं चार पावलं टाकता येऊ लागली, पण उजव्या हातात जीव आला नाही. डॉक्टर म्हणाले, डाव्या हातानं काहीतरी खेळवा, उभं करा, नाहीतर खुर्ची सुटायची नाही. मामींनी डाव्या हातात बॅट दिली. त्यांनी ती टेबलावर ठेवून दिली.

का, ते मामींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, काही लपवलं नाही. "हात टेकल्यावाचून त्यांस उभं राहता येत नाही. आणि टेबल टेनिसात मोकळा हात टेबलास लागला की पॉइंट जातो. म्हणतात, असला खेळ मी खेळणार नाही. दुसरा कोणी असता तर नियमाचं पुस्तक बंबात घातलं असतं मी. पण हे पडले अंपायर." मग माझ्या डाव्या हाताकडे बघून म्हणाल्या, "तुज शिकविते ते तुझ्यासाठी नव्हे, कण्णा. राग नको मानू. डाव्या हाताचा खेळ त्यांनी रोज पाहावा, म्हणून. पाहता पाहता हात शिवशिवेल. एकदा टेबलाशी आले की पुरे. मज आणखी काही नको."

राग कसला मानायचा? महिनाभरात माझ्याशी कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

टेनिसचे पहिले कित्येक दिवस चेंडू मिळालाच नाही. नुसती रॅकेट फिरवायची. खांदा वळव, पाय टाक, मनगट कडक ठेव, रॅकेट दुसऱ्या खांद्यावर नेऊन संपव. चेंडू मिळाला तेव्हा मी तो असा हाणला की शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या वडामांमध्ये जाऊन पडला. वडाम म्हणजे तांदळाच्या पिठाच्या सांडग्या-कुरडयांची तमिळ बहीण. मामींनी मला एकट्याला वर पाठवलं, "जा, क्षमा माग, तमिळमध्ये माग." शेजारीणबाईंनी माझं तमिळ ऐकलं आणि हसून हसून मला मूठभर वडाम तळून दिले. त्या महिन्यात माझा फोरहँड सुधारला नाही, पण तमिळ फार सुधारलं.

चुकल्यावर मी सवयीनं 'सॉरी' म्हणायचो. मामी ओरडायच्या, "सॉरी तोंडानं म्हणतात. तुज पाय दिलेत, ते हलव." चेंडूवर धावून जायचो तर म्हणायच्या, "तो येतोच आहे तुझ्याकडे. काय म्हणून सामोरा जातोस, पाहुणा आहे काय?"

संध्याकाळी टेबलावर सगळं उलटं. तिथं लांब हात फिरवायला जागा नाही. कोपरापासून छोटा झटका, मनगट सैल, आणि बॅट कपाळाशी सलाम केल्यासारखी थांबवायची. मामी उजव्या हाताच्या, मी डावा. त्या समोर उभ्या राहिल्या की आरशात बघितल्यासारखं व्हायचं. त्या हात उचलत, मी उचलायचो. शिकायला सोपं होतं. पण माझं मनगट बिचारं गोंधळून गेलं होतं. सकाळी कडक राहा म्हणून दम खाल्लेला, संध्याकाळी सैल हो म्हणून. ते टेबलावर काठीसारखं ताठ राही आणि कोर्टावर पंख्यासारखं हले. मी कुरकुर केली की मामी गोड हसून म्हणत, "सरी, सरी, बरं. अजून दोन्ही चालू दे."

आणि खुर्चीत हळूहळू काहीतरी होऊ लागलं. आधी रावसारांची मान भिंतीकडून टेबलाकडे वळली. मग माझी सर्व्हिस वाकडी गेली की घसा खाकरला जाऊ लागला. पुढे पुढे काठी फरशीवर आपटू लागली. मी घाबरून मामींकडे बघायचो, तर त्या बॅटमागे तोंड लपवून हसत असायच्या. नोव्हेंबरात इथला पाऊस लागला, कोर्टाचं तळं झालं, पण मामी मला व्हरांड्यात उभं करून टेनिसचा ताठ हात घोटून घेत आणि तसंच ओल्या बुटांनी टेबलावर नेत.

अशाच एका संध्याकाळी मी एकामागून एक चेंडू छताला मारत होतो. सहावा की सातवा पत्र्यावर वाजला आणि मागून गर्जना झाली, "मनगट! अरे, मनगट सैल कर, बिजागरी आहे ती!" माझ्या धंद्यातला शब्द ऐकून मी जागीच थिजलो. मागं बघतो तर रावसार उभे होते. काठी टाकून, टेबलाची कड धरत ते माझ्यापर्यंत आले. डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, त्यावर भार दिला आणि मोकळ्या झालेल्या डाव्या हातानं माझ्या हातातली बॅट हिसकावून घेतली. "कावेरी, टाक."

मामींनी चेंडू टाकला. रावसारांनी तो असा अलगद परत पाठवला की महिनोन्महिने बघून त्यांचा डावा हात माझ्याआधी शिकला होता, हे मलाही कळलं. मामींच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पण रावसारांचं बोलणं संपलं नव्हतं. "माझा हात टेबलास लागला आहे. पॉइंट तुझा. वन–लव्ह."

"रावसार, अशा वेळी नियमात सवलत मिळते म्हणे," मी धीर करून म्हणालो.

"मिळते. ती अंपायर देतो. इथे अंपायर मी आहे. मी देत नाही."

मग रोज तोच कार्यक्रम. सर्व्हिस सगळ्या मामींच्या, कारण रावसारांना चेंडू उडवायला दुसरा हात नव्हता. चार-चार, पाच-पाच फटके सुंदर चालत. चेंडू मामींकडून चुकला तरी रावसार आपल्याच विरुद्ध पॉइंट पुकारत. रोज अकरा–शून्य. आपण न मिळवलेले पॉइंट मामी मुकाट्यानं घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मी आता चेंडू गोळा करायला उरलो होतो. एकदा घरी जेवायला बसवून, पानात भात वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तुझं मनगट मीच बिघडविलं रे. चांगला खेळ पाहून हे कधी उठले नसते; नुसते मान डोलवीत बसले असते. चूक पाहवत नाही त्यांस. चाळीस वर्षांचा संसार आहे, ठाऊक आहे मज. आता सहा महिने टेनिसचं नाव काढू नको, सगळं नीट होईल." माझा गिनीपिग केल्याबद्दल चिडावं की त्यांच्या पाया पडावं, ते कळेना. मी आणखी भात मागून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात माझी पुण्याला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा समुद्राकडचा वारा सुटला होता आणि दोघं टेबलाशी उभी होती. मामींनी सर्व्हिस केली. रावसारांनी परत पाठवली. मामींनी टोलवली, आणि तेवढ्यात माझी नजर टेबलाच्या कडेकडे गेली. उजवा हात तिथं नव्हता. तो त्यांच्या अंगालगत नुसता लोंबत होता. रावसार आपल्या दोन पायांवर उभे होते, किंचित डुलत, ओठ घट्ट मिटून.

मामींनीही पाहिलं असणार. चेंडू त्यांच्याकडे येत होता, उंच आणि बिनधोक. मला वाटलं, आता त्या अलगद ठेवतील, बरोबर त्यांच्या बॅटवर. मीही तेच केलं असतं. कोणीही केलं असतं. मामींनी एक पाऊल मागे घेतलं आणि सगळी ताकद लावून चेंडू हाणला. तो रावसारांच्या बॅटशेजारून सणसणत शेडच्या टोकापर्यंत गेला. रावसार हेलकावले. मी पुढं धावलो. त्यांनी मला नजरेनंच थांबवलं, स्वतःला सावरलं, आणि हात टेबलाला लागू दिला नाही.

"हा तू मिळविलास," ते मामींना म्हणाले. असं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. हरलेल्या माणसाच्या तर कुणाच्याच पाहिलेलं नाही.

मी चेंडू आणून मामींच्या तळहातावर ठेवला. पुढची सर्व्हिस त्यांचीच होती. पण त्यांना ती करवेना. पदरानं डोळे पुसायच्या, तळहात उघडायच्या, चेंडू ठेवायच्या आणि पुन्हा पदर घ्यायच्या. दोन पॉइंटांमध्ये असं ताटकळणं नियमात बसत नाही. टेबलापलीकडे अंपायर उभा होता, काठीशिवाय, बॅट धरून. त्यानं पाहिलं आणि काहीही पुकारलं नाही.