ताटलीला विचारा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना भाजीपेक्षा भाजीच्या सालांचं कौतुक जास्त. लग्नात लोक नवरीचे दागिने बघतात, या मागच्या बाजूला जाऊन आचाऱ्याला विचारतात, "दुधीची सालं कुठे टाकता?" बागेतला सुका पाला पोत्यात भरायचा आणि ते पोतं रिक्षात शेजारी बसवून आणायचं, हा त्यांचा नेम. रिक्षावाला कुरकुरला तर म्हणायच्या, "पाहुणे आहेत आमचे." मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मागच्या भिंतीशी, पत्र्याच्या शेडखाली खताचा खड्डा आहे. कचरा सगळ्यांचा, खड्डा मात्र त्यांचा. सकाळी झाकण उघडलं की त्यांना अख्ख्या बिल्डिंगची खबर मिळायची. "दुसऱ्या मजल्यावर भांडण झालंय गो. नुसती अंड्याची टरफलं येतायत." मी म्हटलं, "वहिनी, लोकांच्या घरात नाक कशाला खुपसता?" तर म्हणे, "घरात कुठे? खड्ड्यात खुपसते."

एका गटारीला त्या नेमक्या कणकवलीला बारशाला गेल्या. श्रावण लागायच्या आत बिल्डिंगने हौस भागवून घेतली. सुरमईची डोकी, कोलंबीची सालं, सगळं खड्ड्यात गेलं आणि वर मूठभर पाला टाकायचं एकालाही सुचलं नाही. वास चौथ्या मजल्यापर्यंत चढला. आमच्या सेक्रेटरींचा त्या जागेवर दुसऱ्या गाडीसाठी डोळा होताच. त्यांनी लगेच रविवारची मीटिंग लावली. खड्डा बुजवायचा, ओला कचरा पुन्हा पालिकेच्या गाडीत, म्हणजे डम्पिंगच्या डोंगरावर.

जाऊबाई परतल्या, झाकण उघडलं आणि माझ्यावरच ओरडल्या, "अगं, त्या माशांच्या अंगावर पांघरूण कोण घालणार होतं?" मग पदर खोचून रविवारपर्यंत खड्डा उपसला, पाला घातला, लाकडाचा भुसा घातला, आंबट ताक शिंपडलं. मीटिंगच्या खुर्च्या मात्र गुपचूप शेडखाली मांडल्या, अगदी खड्ड्याला लागून. त्याच खड्ड्याच्या खतावर वाढून शेडवर चढलेल्या वेलाची घोसाळी काढून गरम भजी तळली. सगळे जेवायला बसल्यासारखे बसले. सेक्रेटरींनी दुसऱ्यांदा ताटली पुढे केली आणि तोंड पुसून म्हणाले, "तर मुद्दा वासाचा आहे."

"नाकाला कशाला त्रास देता?" जाऊबाई म्हणाल्या. "ताटलीला विचारा ना."

खड्डा राहिला. सेक्रेटरींची दुसरी गाडी अजून रस्त्यावरच असते.

आता जाऊबाईंच्या गुडघ्यांनी संप केलाय आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. खड्डा माझ्याकडे आला. मी आपली कामापुरतं बघणारी, मला त्या सालांचं कौतुक वगैरे नाही. पण दर रविवारी वाटीभर खत घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाते. त्या हुंगतात आणि सुनावतात, "ओलं राहिलंय गो. पाल्याची काटकसर कसली करतेस?" मग दुसऱ्या मजल्याची चौकशी होते. मी सांगते, "मिटलं. काल वाटाण्याची टरफलं आली, ढीगभर."

परवा त्यांनी वाटी हुंगली, बोटांनी खत चोळलं आणि म्हणाल्या, "छान झालंय." वाटी परत दिली, उशीला टेकल्या. काही सांगायचं उरलंच नाही. पाच मिनिटांत मी खाली.

पुढच्या रविवारी वाटीत थोडं पाणी शिंपडून नेणार आहे.