तारीख घातलेल्या चिठ्ठ्या

माझी पत्नी यवतमाळकडची. लग्न होऊन पुण्यात आली आणि तीस वर्षं राहूनही तिच्या बोलण्यातला 'नं' गेला नाही. 'बसा नं जरा, घ्या नं थोडंसं.' कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत तिला कुणाला तोडून बोलताना कोणी ऐकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुमारास तो 'नं' नाहीसा झाला. शेजारणीने हौसेने आणलेले मोदक तिने झाकण उचलून पाहिले आणि विचारलं, "हे देवाला दाखवलंत? काय म्हणाला तो?" शेजारीण हसत मला म्हणाली, "वहिनी अखेर पुणेकर झाल्या हो." पुढे सगळी सोसायटी तेच म्हणू लागली. मलाही गंमत वाटे, खरं सांगायचं तर थोडा अभिमानही. दुसऱ्या एखाद्या गावात इतक्या मवाळ बाईची जीभ अशी अचानक तिखट झाली असती, तर कुणीतरी तिला डॉक्टरकडे नेलं असतं. इथे तिचं कौतुक झालं.

दिवाळीत माझा भाऊ आणि भावजय फराळाला आले होते. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर काहीतरी लिहीन म्हणत होतो, तो विषय निघाला. पत्नी चकली मोडता मोडता म्हणाली, "यांनी जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं जागेवर लावली. स्वतःचं एक पान नाही." सगळे हसले. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं बंद केलं.

अबोला चार महिने चालला. सांगायचं असेल ते मी चिठ्ठीवर लिहून फ्रीजला लावत असे. गॅस बंद करावा. नळ उघडा ठेवू नये. एकच गोष्ट चारदा विचारू नये. ग्रंथालयातल्या सवयीने प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात तारीख. ती हे मुद्दाम करते, अशी माझी खात्री होती. त्याच काळात मी दोनदा किल्ली आत विसरून दार ओढून घेतलं. तेव्हा मला वाटलं, मनस्ताप, दुसरं काय.

होळीच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात कोसळली. दोन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हा दोघांना स्कॅन दाखवला. कपाळामागे लिंबाएवढी गाठ. बोलण्याआधी माणसाला आवरतो तो हा भाग, ते म्हणाले, आणि स्वभाव कधीपासून बदलला ते विचारलं. नक्की सांगता येणार नाही, असं मी म्हणालो. शेजारी बसलेल्या तिने पर्स उघडली आणि रबरबँड लावलेला एक गठ्ठा टेबलावर ठेवला. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या.

"यांनी लिहून ठेवलंय," ती म्हणाली.

डॉक्टर एकेक वाचत गेले. माझी वाक्यं त्यांच्या डोळ्यांखालून आजाराच्या नोंदी होऊन जात होती. "फार उत्तम," ते म्हणाले. "इतकं लक्ष ठेवणारा नवरा आम्हाला क्वचित दिसतो."

मी तिच्याकडे पाहिलं. जे मनात येईल ते बोलून टाकणारी ती, त्या वेळी गप्प राहिली.

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली नाही.

नंतर बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानांतून मेंदूवरची पुस्तकं आणली. दुसरा चुकला की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो, स्वतः चुकलो की परिस्थितीला, असं त्यांत लिहिलेलं आहे. ते कळतं, उपयोग काही होत नाही. तिला निदान गाठ होती. माझ्या कपाळामागे सगळं शाबूत होतं.

डॉक्टरांसमोर ती मला सांभाळून घेण्यासाठी गप्प राहिली, की तोवर तिला काही उमगेनासं झालं होतं? पहिलं असेल तर मला कसंबसं जगता येईल. सांगू शकणारी एकच होती. पुस्तकांत मी अजून तेच शोधतो, एखादं पान तरी हे सांगेल म्हणून.

गठ्ठा डॉक्टरांनी परत दिला. तारखेप्रमाणे लावून ठेवला आहे. रोज चाळतो. 'तुला बरं वाटत नाही का?' असं एकाही चिठ्ठीवर नाही.