पायरीवरच्या बांगड्या

मी वांग्यांची ऑपरेशनं करत असे. खामगावच्या बाहेर आमचा भाजीचा मळा होता. किडकी वांगी बाजारात जात नसत, ती माझी रोगी. विळीवर पोट फाडायचं, अळी काढायची, गोधडीच्या सुईनं टाके घालायचे आणि टोपलीत ओळीनं निजवायचं. सासूबाई मळ्यातून आल्या की मी तोंडाला पदर बांधून, दोन्ही हात वर धरून, गंभीर मान हलवत सांगायची, "आत्याबाई, रोगी वाचला."

"वाचला तं वाचला. भाजीत टाकता येते का त्याले?"

"दोरा काढून."

"मंग काढ. मले भूक लागली."

घरात आम्ही दोघीच. सासूबाईंचा नवरा त्यांचा लेक पाळण्यात असताना वारला, आणि तो लेक, म्हणजे माझा नवरा, लढाईत लॉरी चालवायला गेलेला. त्याच्या पत्रातली गावांची नावं सरकारनं काळी केलेली असत. सासूबाई त्या काळ्या पट्ट्यांवरूनसुद्धा बोट फिरवून घेत.

मी मराठी सातवी झालेली, म्हणून बायकांच्या दवाखान्यात पट्ट्या गुंडाळायचं काम मिळालं होतं, आणि वांग्यांचा नाद तिथलाच. एक दिवस ऑपरेशनच्या खोलीतली नर्स तापानं पडली आणि मला दिवा धरायला आत ओढलं. रक्त पाहून कंपाउंडर आडवा झाला. त्याला ओलांडून मी दिवा धरूनच राहिले. संपल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझा हात हलत नाही. माझ्याजवळ शिकशील? पुढे परीक्षेला बसवीन."

त्या दिवसापासून घरात मी पळी पळीसारखी दिली नाही. सासूबाईंनी मागितली की दांडा बरोबर त्यांच्या तळहातावर टपकन ठेवायची.

"हे काय वं?"

"आत असंच द्यावं लागतं. डॉक्टरांनी मान वर करायची नाही."

"मी डॉक्टर नाई. वरण ढवळून राह्यलो."

अडचण एकच होती. आत जाण्याआधी कोपरापर्यंत हात घासायचे, आणि त्यावर काही ठेवायचं नाही. माझ्या हातांत हिरव्या बांगड्या. आमच्यात सवाष्ण सगळ्या बांगड्या एकदम काढत नाही. नव्या भरतानासुद्धा कासारीण एक जुनी हातात ठेवते, नवी चढली की मग ती उतरवते. बांगडी फुटली असंही म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मोकळे हात सासूबाईंचे होते. आणि माझा माणूस लढाईत.

मी अक्कल चालवली. बांगड्या कोपराच्या वर सरकवून त्यावर घट्ट पट्टी बांधली. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीचं तोंड बांधून आणलंस काय? बाहेर जा आणि काय ते ठरव."

मी नाही म्हणायचं ठरवलं. घरी येऊन बाईंची, बरणीची, माझ्या पडलेल्या तोंडाची सगळी नक्कल करून दाखवली. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"कितीक वेळ लागते आतमंदी?"

"कधी तास, कधी दोन."

"तवरक मी घालून ठेवतो."

मला वाटलं थट्टा करतात. पण त्या पाकळी सोलत राहिल्या. "हात रिकामा राह्यला नाई पाह्यजे, एवढंच ना? माहा लेक आहे थो. बायकोच्या हातात नाई तं मायच्या हातात."

"आणि लोकांनी पाहिलं तर?"

"पदर कायले आहे मंग?"

तेव्हापासून ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसायचो. कार्बोलिक साबणाच्या फेसावरून बांगडी सरकायची. माझ्या हातातली एक निघाली की त्यांच्या हातात एक चढायची. मी आत जायची, त्या पदरात हात गुंडाळून निंबाखाली बसायच्या. वीस-बावीस वर्षं त्या मनगटांवर काही नव्हतं. एकदा मी खिडकीतून चोरून पाहिलं. त्या पदराच्या आत मनगट हळूच हलवत होत्या आणि कान देऊन ऐकत होत्या. मी हे त्यांना कधी सांगितलं नाही. नाहीतर माझी जीभ काही आवरत नाही.

मग तो दिवस. संग्रामपूरकडची एक बाई बैलगाडीतून आली, मूल अडलेलं. पोट उघडावं लागलं. दोघं वाचली, आणि डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच सुईसाठी हात माझ्यापुढे केला. मान वर न करता. मी सुईच्या चिमट्याचा दांडा बरोबर तळहातावर ठेवला.

बाहेर आले ती नाचतच. सासूबाई म्हणाल्या, "हात दे." साबणाशिवायच त्या एकेक बांगडी चढवत होत्या, फार हळू, आणि मला दुखत होतं. घरापर्यंत मी सगळं ऑपरेशन करून दाखवलं. डॉक्टरीणबाईंचा आवाज, बाळाचं पहिलं रडणं, बैल सोडून खिडकीशी कान लावलेला बाप. त्या "हाव", "हाव" म्हणत चालल्या होत्या.

घरी त्यांनी मला वाढलं. मी पोटभर जेवले. हात धुतल्यावर त्यांनी कनवटीचा कागद काढला. घराला कुलूप पाहून टपालवाला दवाखान्यात आला होता. त्यानंच पायरीवर वाचून दाखवला होता. लेक गेल्याचा.

"तू आतमंदी होती," त्या म्हणाल्या. "त्या बाईचं पोट उघडं होतं. तुले कशी बलावू? आन बांगड्या माह्या हातात. तुह्या तुले देल्याबिगर कसं सांगू?"

आणि मी वाटभर नकला केल्या होत्या. त्यानंतर पुष्कळांना हसवलं, अजून हसवते. पण कुणी नुसतं "हाव" म्हणालं की मी नक्कल तिथेच सोडते.

शेजारणी आल्या आणि रीतीप्रमाणे व्हायचं ते झालं. बांगड्या वाढल्या असं मात्र त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

महिन्याभरानं डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. चांगल्या मनानं म्हणाल्या, "आता तर अडचणही राहिली नाही. ये."

मी गेले. सासूबाईही आल्या, सवयीनं. पायरीशी पोचल्यावर मी सवयीनंच हात पुढे केले, आणि त्यांनीही केले. चारही हात मोकळे. दोघी त्या हातांकडे पाहत राहिलो.

"जाय ना," त्या म्हणाल्या. "मी बसतो."

मी त्यांच्याशेजारी बसले. आतून दोनदा हाक आली. पहिली माझ्या नावाची होती. दुसऱ्या वेळी दुसऱ्याच मुलीला बोलावलं.