बैलानं घास घेईपर्यंत

पोळ्याला आमच्याकडं बैलांचं लग्न लागतं. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो, पण आमच्यात ते अगदी रीतसर असतं. मारुतीच्या देवळापुढं जोड्या उभ्या करायच्या, मंगलाष्टका म्हणायच्या, अक्षता टाकायच्या. मग घरी आणून ओवाळायचं नि पुरणपोळी चारायची. बैलानं घास घेतल्याबिगर घरधनी जेवत नाही.

अलीकडं बेंबळीच्या बाजारात बेगड नि गोंड्यांबरोबर फुगेही मिळायला लागलेत. आमच्या मालकांनी त्या साली हौसेनं तांबड्या बैलाच्या शिंगांना चार फुगे बांधले. आता शिंगाला टोक असतं, हे जन्म बैलांत गेलेल्या माणसाला मी सांगायचं का? शेवटच्या 'सावधान'ला गावानं अक्षता टाकल्या, बैलानं मान झटकली, नि दोन फुगे जोडीदाराच्या शिंगाला लागून फाटकन फुटले. नवरदेव बिथरला. शिंग मालकांच्या मांडीत घुसलं.

बैलाला कुणी बोट लावलं नाही. त्या दिवशी त्याला काठी दाखवायची नसते. उलट माझा दीरच त्याच्यापुढं हात जोडून, "चुकलं आमचं, राजा," म्हणत होता. सख्खा भाऊ खाली पडलेला, तिकडं लक्ष नाही.

मांडीला टॉवेल गुंडाळून मालकांना दारातल्या बाजेवर आणलं. बघता बघता टॉवेल लाल झाला. धाराशिवला न्यायला शेजाऱ्यांची जीप उभी, पण मालक बाज सोडीनात.

"त्यानं घास घेऊ द्या आधी."

"रगात चाललंय तुमचं," मी म्हणलं.

"सणाचा बैल उपाशी ठिवून म्या दवाखान्यात जाऊ व्हय?"

तांबड्याला आणलं. ओवाळलं. पोळी पुढं केली तर त्यानं तोंड फिरवलं. तूप लावून दिली, गूळ ठेवून दिली. न्हाय म्हणजे न्हाय.

"वैनी, रुसलाय त्यो," दीर म्हणला.

"मग आहेर काय पायजे ते इचारा की नवरदेवाला."

दुसऱ्या बैलानं तेवढ्यात तीन पोळ्या खाल्ल्या. मालक म्हणले, "ह्यानं खाऊन काय उपेग? मारलं त्यानं." बोलता बोलता त्यांचे ओठ पांढरे पडत होते.

मग तांबड्यानं मान खाली घातली नि मांडीवरच्या टॉवेलाचं लोंबतं टोक चघळायला सुरुवात केली. घामाचं मीठ लागलं असणार.

"घेतला घास," मी लगेच म्हणलं. "उठा."

"टॉवेल हाय त्यो."

"वाढायचं काम आपलं. काय खायचं ते त्यो बघंल. उठा म्हणते ना."

मालकांनी बैलाकडं बघितलं, जरा इचार केला नि म्हणले, "बरं."

आता बैल टॉवेल सोडीना. शेवटी मी नव्या लुगड्याचा पदर फाडून मांडी करकचून बांधली नि टॉवेल त्याच्याकडंच राहू दिला. टाके पडले, पाय वाचला. पण जीप निघाली तेव्हा मालक मागं मान वळवून दिराला सांगत होते, "पाणी पाज रं त्याला. कापड कोरडं जातं घशात."