सारसोळ्याच्या बांधावरची ओ

सारसोळ्याच्या दत्तू देवजी मेहेर याने आयुष्यात एकदाच विचार न करता उत्तर दिले. एरवी तो असा मुलगा, की वर्गात प्रश्न विचारला तर आधी प्रश्नच उलटसुलट करून तपासायचा. गावातून इंजिनिअरिंगच्या पदवीला गेलेला तो पहिलाच. त्याचा अभ्यासक्रम सँडविच पद्धतीचा होता. शेवटच्या वर्षाआधी एक अख्खे वर्ष कॉलेजबाहेर पगारी उमेदवारी करायची, साहेबाचा शेरा घ्यायचा आणि नेमल्या दिवशी परत हजर व्हायचे. त्या दिवशी जो आला नाही त्याचे नाव कापले जाई. १९८२ साली दत्तूच्या वाट्याला काम आले ते त्याच्याच गावाला लागून, खाडीकाठची जमीन मुरुमाने भरून वसाहतीसाठी उंच करण्याचे. घरचे जेवून नोकरी, असे म्हणून गावाने त्याला चिडवले. आई, गोजरा, दारोदार मासळी विकून घर चालवत होती. वडील तोवर वारले होते.

ज्या जमिनीवर ट्रक रिते होत होते, ती सारसोळ्याची खार. मासेमारीच्या जोडीला गाव तिथे भात करी, आणि खारे पाणी आत शिरू नये म्हणून खाडीच्या अंगाने मातीचा बांध होता. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, आणि या किनाऱ्यावर त्याची भरती भर दुपारी बाराच्या सुमारास चढते. त्या वेळी बांध फुटू नये म्हणून प्रत्येक घरातला एकजण पाळीने राखणीला बसे. राखणदार बदलण्याची रीत ठरलेली होती. बांधावरचा माणूस गावाकडे तोंड करून हाक देई, “कोन येतो?” ज्याची पाळी असे तो ओ देई, “मी हाय.” ओ मिळाल्याशिवाय बांध सोडायचा नाही, आणि ज्याने ओ दिली त्याच्या गळ्यात राखण पडली. चुकून दिली तरी पडलीच. म्हणून उधाणाच्या दुपारी सारसोळ्यात कोणी कोणाला उगाच ओ देत नसे.

पुढे जमीन सरकारने घेतली, शेती थांबली, आणि राखणही. बांध मुरुमाखाली गाडला गेला.

ती पौषातली अमावास्या होती. दत्तू तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून भरावाची उंची मोजत होता. समोर दूरवर आकड्यांची उभी पट्टी धरून मारोती उभा होता. मारोती परभणीकडून पोटासाठी आलेला, कमी बोलणारा आणि बोललाच तर टोमणा मारणारा माणूस. जुन्या दुर्बिणीत सगळे उलटे दिसते. मारोतीचे डोके खाली, पाय वर. दत्तूला याची सवय झाली होती. तेवढ्यात हाक आली, “कोन येतो?” लहानपणापासून कानात मुरलेली ती हाक ऐकून दत्तूने डोळा न काढता म्हटले, “मी हाय.”

मारोतीच्या मागे कोणीतरी उकिडवे बसलेले होते. ते उठले आणि चालू लागले, डोके खाली, पाय आभाळात, सावकाश, पाठीला रग लागलेल्या माणसासारखे. दत्तूने मान वर केली. मुरुम होता, ऊन होते आणि मारोती होता.

“कुणाला ओ दिली, सायेब?” मारोतीने विचारले. “मी तर तोंडसुदीक उघडलं न्हाई. उन्हात उभं ऱ्हाऊन सोताशीच बोलाया लागले तुमी. लगीन करून टाका.”

दत्तू हसला. उन्हाने हवा थरथरते, खाडीवरून आवाज वाहत येतो, होडीवाल्याने कोणाला तरी हाक मारली असेल. अशी कारणे त्याने मनाशी मांडली. प्रत्येक कारण पटण्याजोगे होते.

पुढच्या पौर्णिमेला साहेबाने त्याला कामासाठी ऐरोलीला धाडले. दुपारी त्याच जागी भराव खचला. मुरुमाखाली खाडीचा मऊ चिखल असतो, तो भाराने बाजूला सरकतो. हे त्याने परीक्षेत लिहिलेले होते. नंतरच्या अमावास्येला तो जागेवर होता, आणि काहीच झाले नाही. त्यानंतरच्या एका उधाणाला तो तापाने घरी पडून राहिला, त्या दुपारी भरलेल्या जमिनीवरून जाणारा रोलर कलंडला आणि चालक दिलीप उडी मारून थोडक्यात वाचला. दोनदा घडले म्हणजे नियम झाला असे नाही, हे दत्तू जाणून होता. पण नियम आहे की नाही हे पडताळायचे तर आणखी एकदा गैरहजर राहायला हवे होते, आणि खाली माणसे काम करीत होती.

तेव्हापासून उधाणाची एकही दुपार त्याने चुकवली नाही. बारा वाजत आले की कानांत दडा बसे, पाण्यात बुडी मारल्यावर बसतो तसा. एकदा मारोती पाणी प्यायला गेला असता त्याने गावाकडे तोंड केले आणि चोरट्यासारखी हाक दिली. गावातून कोणी ओ दिली नाही. एक दार मात्र लागल्याचे त्याने ऐकले.

पावसाळा तोंडावर आला. साहेबाने चांगला शेरा दिला. कॉलेजात हजर होण्याचा दिवस कळला, आणि तो नेमका अमावास्येचा निघाला. दत्तूने ट्रंक भरली आणि आईला सांगितले, की यंदा जात नाही, पुढल्या वर्षी बघू. पुढल्या वर्षी त्याला कोणी घेणार नव्हते, हे गोजराला ठाऊक होते. तिने मासळीची पाटी खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसली. दत्तूने सगळे सांगितले, मधूनमधून आपल्याच सांगण्यावर शंका घेत.

“म्हातारा आवाज व्हता?” तिने विचारले.

“हो.”

“सितारामदादा. खारीची शेवटची राखन त्याची. पुढली पाळी आपले घरची व्हती. तुझा बाप बोलला, आता बांध सरकारचा, सरकार राखील. सितारामदादाला कोनी ओ दिलीच नाय. वरडून वरडून घसा बसला त्याचा. त्याच पावसात गेला तो.”

“आये, हे सगळं मनाचे खेळ असतील.”

“असतील,” गोजरा म्हणाली. “मंग तू जात का नाहीस?”



अमावास्येच्या दुपारी तो भरावावर जाऊन उभा राहिला. संध्याकाळच्या आत कॉलेजच्या कचेरीत पोचायचे तर निघण्याची वेळ टळत चालली होती. ढग दाटून आले होते, सावली कोणाचीच पडत नव्हती. कानांत दडा बसला. कोणी ऐकेल याची लाज सोडून त्याने पूर्ण आवाजात हाक दिली, “कोन येतो?”

“मी हाय.”

गोजरा डोक्यावर त्याची ट्रंक घेऊन येत होती. तिने ती त्याच्या पायांशी ठेवली. त्याच क्षणी त्याचे कान मोकळे झाले आणि ट्रकचा, कावळ्यांचा, पाण्याचा आवाज एकदम आत आला.

“तुला कोण सोडवणार?” तो म्हणाला.

“ते मी बघन. तुला इथं उभा करायला मी दारोदार मासली इकली नाय.” ती खाडीकडे तोंड करून उकिडवी बसली. “बस गाठ. आनि उधानाचे दुपारी हिकडं फिरकू नको. फिरकलास, तरी तोंड उघडू नको.”

त्याने वळून पाहिले तेव्हा ती बसलेलीच होती, पदर सारखा करत, जणू घरच्याच ओट्यावर.

नाव कापले गेले नाही. पौर्णिमेला तो ड्रॉइंग हॉलमध्ये एका पुलाचा नकाशा काढत होता. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. बारा वाजत आले तशी त्याने पट्टी बाजूला ठेवली आणि वाट पाहिली. कानांत काही झाले नाही. पंखा फिरत होता, शेजारचा मुलगा खोडरबर मागत होता. इकडे दडा बसला नाही, म्हणजे तिकडे तो आईच्या कानांत बसला आहे. हे समजायला त्याला पुस्तक लागले नाही. पाणी चढत असेल. गावाकडे तोंड करून ती हाक देत असेल, आणि गावात दारे लागत असतील.

दत्तूचे ओठ आपोआप उघडले. त्याने पेन्सिल आडवी दातांत धरली, आणि ओहोटी लागेपर्यंत ती सोडली नाही.